मार्कुस येईपर्यंत

"आईची तब्येत बरी नाही," लुदिया म्हणाली. "घरातून जाता-येता तेवढं तिला सांगून जात जा. न सांगता कुणी गेलं की तिला लागतं."

मी नुकतीच बॅग खाली ठेवली होती. मागच्या खोलीच्या दाराला जाड लाल पडदा होता. मी पडद्यापाशी गेले, हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाले, "आई, मी भारतातून आलेय. महिनाभर तुमच्याकडे राहणार आहे." आतून काही उत्तर आलं नाही. लुदिया माझ्या मागे उभी होती, ती हसली. "ऐकलं तिनं," म्हणाली.

ही वीस वर्षांहूनही जुनी गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. डॉक्टर उल्का गिजरे, माणसांची नव्हे, जनावरांची. म्हशींच्या वाणावर काम करणाऱ्या आमच्या संस्थेनं मला इंडोनेशियात पाठवलं होतं. तिथल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोकांचा डोंगराळ मुलूख आहे, आणि त्या मुलखात अंगावर पांढरे-काळे ठिपके असलेले, निळ्या डोळ्यांचे रेडे मिळतात. त्या रेड्यांची वीण कमी होत चालली होती. का, ते बघायचं होतं. राहायची सोय लुदियाच्या घरी झाली होती. ती तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. नवरा दूर मकासर शहरात नोकरीला. घर म्हणजे उंच लाकडी खांबांवर उभं केलेलं, दोन्ही टोकांना होडीसारखं वर उचललेल्या छपराचं, दर्शनी खांबावर खालपासून वरपर्यंत रेड्यांची शिंगं ठोकलेलं. मी म्हशींची डॉक्टर. ती शिंगं मी अर्ध्यापर्यंत मोजली आणि थांबले. पण पहिल्याच दिवशी यजमानांशी वाद नको, म्हणून गप्प बसले.

लुदिया रोज सकाळी एका तबकात कॉफी, वाटीभर भात आणि विड्याचं पान घेऊन पडद्याआड जायची. आत तिचं बोलणं चालायचं, दहा-पंधरा मिनिटं, हळू आवाजात, मध्येच हसणं. मग तबक घेऊन बाहेर यायची. मीही निघताना पडद्यापाशी थांबायचे. "आई, जाते हं." माझं मलाच बरं वाटायचं. माझीही आई घरी होती. कराडला, दादाकडे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, पण जिभेनं ताठ.

डोंगराखालच्या रांतेपाओ गावाच्या बाजारात टेलिफोनचं एक दुकान होतं. काचेच्या तीन खोपट्या आणि एक पंखा. बुधवारी आणि रविवारी दुपारी मी तिथून घरी फोन करायचा असं निघतानाच ठरलं होतं. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी बुधवार होता.

"आईला जरा कसकस आहे," दादा म्हणाला. "झोपलीय."

"ताप किती?"

"अगं, विशेष नाही. हवा बदललीय."

रविवारी परत केला. "अजून आजारीच आहे," दादा म्हणाला. "औषधानं ग्लानी असते. आत्ता उठवत नाही."

"दादा, डॉक्टर काय म्हणतात? मी येऊ का?"

"कशाला? येऊन काय करणार? तू तुझं काम पुरं करून ये. तिचंही तेच म्हणणं आहे."

माझं मन थोडं हललं. पण आईचं तेच म्हणणं असणार हे खरंच वाटलं. शिकायला मी घर सोडलं तेव्हा बाबांच्या धाकट्या भावापासून, बापूकाकांपासून, सगळं घर विरोधात होतं आणि एकटी ती बाजूनं होती. बाबा गेले तेव्हा मी स्मशानात जायचा हट्ट धरला, तेव्हाही तीच म्हणाली होती, जाऊ दे तिला, तिचेही वडील आहेत. पण कुणी आईलाही जाऊ दिलं नाही, मलाही नाही. आम्ही दोघी अंगणात बसून राहिलो होतो.

पुढच्या बुधवारी दादानं पुन्हा तेच सांगितलं. आजारी आहे, अशक्तपणा आहे, झोपलीय. मी फोन ठेवला आणि चिडचिडत डोंगर चढून घरी आले. लुदिया शाळेत होती. घरात शांतता. आणि माझ्या डोक्यात आलं, माझ्या आईची नाडी मला बघता येत नाही, निदान हिच्या आईची तरी बघावी. नऊ दिवस झाले, एका डॉक्टरचं पाऊल या घरात मी पाहिलं नव्हतं. खोकल्याचा आवाज नाही, कण्हणं नाही. मी माझ्या बॅगेतला थर्मामीटर घेतला, पडद्यापाशी जाऊन "आई, आत येते" म्हटलं आणि आत गेले.

म्हातारी गादीवर उताणी झोपली होती. डोकं पश्चिमेला. अंगावर विणीचा सुंदर लाल-काळा कपडा हनुवटीपर्यंत, केस नीट विंचरलेले. उशाशी सकाळची कॉफी, साय धरलेली. औषधाचा उग्र वास होता, आणि त्यावर गवती चहाचा. मी तिचं मनगट हातात घेतलं.

तीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. मेलेलं शरीर मी आयुष्यभर हाताळत आलेय. पण हे आजचं नव्हतं, कालचंही नव्हतं. कातडी सुकून ताणलेल्या चामड्यासारखी झाली होती. या बाईला जाऊन कित्येक महिने झाले होते. आणि मी नऊ दिवस तिला सांगून जात होते, येत होते, तिच्या भिंतीपलीकडे जेवत होते.

लुदिया घरी आली तेव्हा मी बॅग भरून पायऱ्यांवर बसले होते.

"तू मला फसवलंस," मी म्हणाले. "तू म्हणालीस, आजारी आहे."

तिनं हातातली पुस्तकं खाली ठेवली. तिला राग आला नाही. तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, पण माझ्यासाठी.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. इथे येणाऱ्या सगळ्यांना कुणीतरी सांगतंच."

"मी माणसांच्या चालीरीती बघायला नाही आले. मी म्हशी बघायला आलेय. तू आजारी म्हणालीस."

"आम्ही तसंच म्हणतो. मार्कुस अजून आला नाही ना."

मार्कुस तिचा धाकटा भाऊ. दूर पापुआमधल्या एका खाणीत काम करायचा. आई गेली तेव्हा तो जमिनीखाली होता, मग रजा मिळेना, मग बोट मिळेना. अकरा महिने झाले होते.

"एका मुलासाठी अकरा महिने?"

"खोटं का बोलू? रेडे जमवायलाही वेळ लागला. सगळीच कारणं पवित्र नव्हती. पण रेडे मागच्या महिन्यातच जमलेत. आता फक्त तोच राहिलाय. तो येईल, तिला बघेल. मग आम्ही तिला फिरवू, तिची झोपायची दिशा बदलू, आणि त्या दिवशी ती जाईल. तोवर ती घरात आहे, तिला भूक लागते, तिला सांगून जावं लागतं. एक पोर तिला न बघता राहिलं, तर तिला गेली कसं म्हणायचं?"

मी त्या वेळी जे बोलले ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आजही लाज वाटते. मी म्हणाले, "आमच्याकडे माणूस गेलं की तीन तासांत सगळं आटोपतं. संध्याकाळच्या आत. त्याला आम्ही मृताचा मान म्हणतो. बाईचं मढं असं वर्षभर घरात ठेवून त्याच्यापुढे भात मांडणं, ही विटंबना आहे."

"तीन तासांत?" लुदियानं विचारलं. तिनं खरंच विचारलं, टोमणा नव्हता. "मग लांबची मुलं कशी पोचतात?"

"पोचतात. नाहीतर नाही पोचत. त्याला काय करणार?"

तेवढ्यात खाली अंगणात एक म्हातारा सुतार आला. तो तिच्या आईची लाकडी प्रतिमा कोरत होता. डोंगराच्या कड्यात थडगी खोदलेली असतात, आणि त्या थडग्यांपुढे सज्जात अशा प्रतिमा ओळीनं उभ्या करतात, हात पुढे केलेल्या. सुतारानं खालूनच काहीतरी विचारलं आणि लुदियानं आपल्या उजव्या गालावर, कानाजवळ बोट ठेवलं. तीळ कुठे होता ते त्याला हवं होतं. मग ती आत गेली आणि पडद्याआड बोलू लागली. बहुधा माझ्याबद्दल माफी मागत होती.

मी राहिले. दुसरी जागा नव्हती आणि काम अर्धवट होतं. पण पडद्यापाशी थांबणं मी बंद केलं. घुश्शात मान खाली घालून ये-जा करायचे. लुदियानं त्यावरून एक शब्द काढला नाही.

अखेर रजा आणि बोट मिळून रविवारी दुपारी मार्कुस येणार होता. घरात धावपळ होती, म्हणून मी फोन करायला सकाळीच उतरले. रांतेपाओत अकरा वाजले होते, म्हणजे कराडला साडेआठ. त्या वेळी मी कधीच फोन करत नसे. घंटी बरीच वाजली. मग हौसाबाईनं उचलला. हौसाबाई आईचं सगळं करायची, अंघोळ, वेणीफणी, औषधं. सात वर्षं होती आमच्याकडे.

"हौसाबाई, उल्का बोलतेय. आईला दे जरा."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हौसाबाई?"

"कुणाला दिऊ, ताई?"

"आईला. जागी आहे ना?"

"ताई," ती म्हणाली, "तुमास्नी कुणी कळिवलं न्हाई व्हय?"

काचेच्या त्या खोपटीत मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेजारच्या खोपटीत एक बाई कुणाशी तरी हसत बोलत होती.

"आज धाव्वा हाय," हौसाबाई म्हणाली. "समदी घाटावर गेल्यात. म्या एकलीच हाय घरात."

दहावा. मी बोटांवर मोजलं. मी आले त्याच आठवड्यातला शुक्रवार. म्हणजे रविवारी "औषधानं ग्लानी असते" म्हणून दादा म्हणाला, तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते. बुधवारी "अशक्तपणा आहे" म्हणाला, तेव्हा पाच दिवस.

"कधी नेलं तिला?"

"दीस मावळायच्या आत. बापूकाका म्हनले, रातीपासनं पंचक लागतंय. साडेतीनला गेल्या, न् सहाला घरात काय बी नव्हतं."

"हौसाबाई, ती काही म्हणाली होती?"

"समद्यांम्होरं म्हनल्या हुत्या, ताई. गुरुवारी. उल्की येस्तवर मला हलवू नका. तिनंच अग्नी द्यायचा. दादा, वैनी, बापूकाका, समदी हुती."

मग मला सगळं लख्ख कळलं. दादा विसरला नव्हता. फोन लागत नाही म्हणून राहिलं नव्हतं. मला कळलं असतं तर मी आले असते, आणि आले असते तर मडकं मी धरलं असतं. मुलगा धडधाकट असताना, सगळ्या कराडदेखत, बहिणीनं. ते होऊ नये म्हणून माझी आई दहा दिवस आजारी होती.

मी दुकानात बसून राहिले. परत घरी जाता येईना, कुठेच जाता येईना. अडीचपर्यंत तिथल्या लाकडी बाकावर बसले, मग पुन्हा फोन लावला. या वेळी दादानं उचलला.

"दादा, आई कशी आहे?"

"तेच गं. आजारी. आता जरा डोळा लागलाय."

"रक्षा कधी सावडली?"

पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला.

"हे बघ उल्का, तू पोचली नसतीस. तिथून यायचं म्हणजे तीन दिवस."

"मी बुधवारी फोन केला होता. त्या दिवशी ती जिवंत होती. बुधवारी सांगितलं असतंस तर शनिवारी सकाळी मी कराडमध्ये असते. एक रात्र ठेवायची होती तिला. बर्फ नव्हता कराडात?"

"पंचक..."

"पंचकाचं नाव मला सांगू नकोस. आणि मग रविवारी? बुधवारी? आज, आत्ता? आत्ताही डोळा लागलाय म्हणालास."

"तू परक्या देशात एकटी. तुला धक्का बसला असता. कुणी सांभाळलं असतं? तुझ्या भल्यासाठीच..."

"अस्थी कुठे आहेत?"

"सकाळीच सोडल्या," दादा म्हणाला. "संगमावर."

मी फोन ठेवला. जोरात आपटला नाही. दुकानातल्या पोरीनं माझ्या तोंडाकडे बघून पाण्याचा ग्लास दिला, तो पिऊन मी निघाले.

घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मार्कुस आला होता. आडव्या बांध्याचा, उन्हानं नव्हे, खाणीनं काळवंडलेला माणूस, पायांत अजून कामाचे बूट. तो आईशेजारी जमिनीवर बसला होता आणि तिच्याशी बोलत होता, हळूहळू, जसं कुणी उशीर का झाला ते सांगतं. बाकीचे सगळे त्याचं संपायची वाट बघत होते. कुणी घड्याळ बघत नव्हतं.

लुदियानं मला दारात पाहिलं आणि उठून आली.

"काय झालं?"

"माझी आई गेली," मी म्हणाले. "दहा दिवस झाले. मला आज कळलं. माझा भाऊ मला सांगत होता, आजारी आहे."

तो शब्द ऐकून लुदियाचा चेहरा बदलला. तिला बुधवारचं आमचं भांडण आठवलं असणार. पण ती तसं काही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "आणि कुणीच थांबलं नाही?"

"नाही."

ती वळली आणि त्यांच्या भाषेत मार्कुसला काही म्हणाली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग तो सरकला. आईच्या अंगाला लागून त्यानं एका माणसाला बसायला पुरेल एवढी जागा केली आणि हातानं तिथे थाप मारली.

नऊ दिवस जिला मी सांगून जात होते आणि चार दिवस जिच्याकडे मी ढुंकून बघितलं नव्हतं, तिच्याशेजारी मी बसले.

थोड्या वेळानं त्यांनी तिला फिरवलं. चौघांनी गादीची चार टोकं धरली. लुदियानं एक टोक माझ्या हातात दिलं. माझी परवानगी नाही मागितली, नुसतं हातात दिलं. पूर्व-पश्चिम झोपलेली ती म्हातारी आम्ही उत्तर-दक्षिण केली. तेवढंच. आणि ज्या क्षणी गादी खाली टेकली त्या क्षणी सगळं घर एकदम रडायला लागलं. इतक्या दिवसांत ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, ती माणसं. लुदिया कपडा तोंडावर ओढून ओरडत होती. मार्कुस कपाळ जमिनीवर टेकून.

मीही रडले. पण ते नुसतं दुःख नव्हतं. मी मराठीत शिव्या देत होते. दादाला, बापूकाकांना, पंचकाला, त्या मडक्याला, दोन्ही बुधवारी गप्प बसलेल्या मला स्वतःला. माझ्या आवाजात काय होतं ते कुणालाच कळत नव्हतं. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवून गप्प केलं नाही. आमच्या घरी लगेच कुणीतरी म्हटलं असतं, पुरे आता.

पुढचे पाच दिवस अंत्यविधी चालला. गावोगावची माणसं रांगेनं यायची, पुरुष हातात हात गुंफून मोठं कडं करायचे आणि म्हातारीचं आयुष्य जन्मापासून गाऊन सांगायचे. लुदियानं मला काळा कपडा नेसायला दिला होता. दुसऱ्या दिवशी रेडे कापले. मी म्हटलं, हे मी बघणार नाही, आणि हे मला पटतही नाही. लुदिया म्हणाली, नका बघू. मी भाताच्या कोठाराच्या मागे जाऊन उभी राहिले. ज्यांच्या खुरांची मी दोन आठवडे मापं घेतली होती, त्यांतले सहा त्या दिवशी गेले. त्याचा राग मला आजही आहे. त्या लोकांचं सगळंच बरोबर होतं असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

पण तिसऱ्या दिवशी, म्हातारीसाठी प्रार्थना करताना, त्यांच्या चर्चच्या पाद्र्यानं आणखी एक नाव घेतलं. उच्चार मोडका होता, म्हणून मला आधी कळलंच नाही. क्रिश्नाबाई. लुदियानं ते मला आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहून घेतलं होतं. दोन-तीनशे अनोळखी माणसांनी माझ्या आईसाठी माना खाली घातल्या.

तेराव्याला मी गेले नाही. जेवायला कशाला जायचं? काम संपवून, ठरल्या तारखेला परतले.

कराडला पोचले तेव्हा घरात सगळी जमली होती. दादानंच बोलावली असणार, मी एकटी सापडू नये म्हणून. बापूकाका आरामखुर्चीत. दोघी आत्या. सुमनवहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. दादाची नऊ वर्षांची मुक्ता वहिनीच्या पदराला धरून.

"आधी अंघोळ कर," वहिनी म्हणाली. "मग चहा घे."

"नको," मी म्हणाले. "हौसाबाईला बोलावा."

हौसाबाई पदराला हात पुसत आली. मी तिला आईच्या खाटेवर बसवलं. ती बसेना, तिला त्या घरात खाटेवर बसायची सवय नव्हती. मी धरून बसवलं.

"सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सांग. सगळं. काय खाल्लं, काय बोलली, कुणाला हाक मारली. काही गाळू नकोस."

"उल्का," बापूकाका म्हणाले, "आता हे उगाळून काय मिळणार?"

"काका, तिचं तुम्ही तीन तासांत उरकलंत. आता थोडं बसा."

हौसाबाई बोलू लागली. आधी अडखळत, मग सलग. सोमवारी पेजेचे चार घोट. मंगळवारी पाठ चेपून घेतली, मला पत्र लिहायचं म्हणाली. आणि बुधवारी फोन वाजला तेव्हा आई जागी होती.

"वळखलं त्यांनी, तुमचाच हाय म्हनून," हौसाबाई म्हणाली. "हात म्होरं केला हुता फोनसाटनं. असा. दादा बोलत हुते तवर हात तसाच धरून हुत्या. मग दादांनी फोन ठिवला."

दादा उठला आणि दाराकडे निघाला.

"बस खाली," मी म्हणाले. "अजून गुरुवार, शुक्रवार राहिलाय."

तो बसला. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, नगरपालिकेत वजन असलेला माणूस, खाली मान घालून बसला. हौसाबाईनं शुक्रवारच्या साडेतीनपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी मी दादाला एकच विचारलं, "का?"

"लोकांत शोभलं नसतं," तो म्हणाला. दुसरं काही त्याच्याकडे नव्हतं. निदान ते तरी त्यानं खरं सांगितलं.

मी त्याच दिवशी निघाले. हौसाबाईला मी माझ्या संस्थेत कामाला लावलं. दादाशी मी त्यानंतर बोलले नाही. मुक्ता मोठी झाल्यावर पुण्याला शिकायला आली, ती मात्र माझ्याकडेच राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. तिनंही कधी मला बापाशी बोल म्हणून गळ घातली नाही.

दादा गेला त्याला आता काही वर्षं झाली. सकाळी अंगणात पडला आणि गेला. मुक्ता तेव्हा जर्मनीत, हॅम्बुर्गला होती. मला फोन तिचा आला. "आत्या, मी निघालेय," एवढंच म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत पोचते."

मी कराडला पोचले तेव्हा तिरडीचे बांबू अंगणात येऊन पडले होते. बापूकाका पंच्याऐंशीचे, पण अजून तेच सगळं ठरवत होते. दादाला मुलगा नव्हता. कुणातरी चुलत पुतण्याला अंघोळ घालून ओल्या पंच्यानं उभं केलं होतं.

"संध्याकाळच्या आत हलवायला हवं," बापूकाका म्हणाले.

"मुक्ता येईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"अगं, उद्या दुपार म्हणजे..."

"उद्या दुपार म्हणजे उद्या दुपार."

मी दवाखान्यातून शवाची शीतपेटी मागवली. पुतण्याला म्हटलं, कपडे घाल, गारठशील. बांबू भिंतीला लावून ठेवायला सांगितले. मी दादाला माफ केलं होतं असं मात्र कुणी समजू नये. त्या पेटीच्या काचेतून त्याचा चेहरा दिसायचा तेव्हा मला दर वेळी आईचा पुढे केलेला हात दिसायचा. मी त्याच्यासाठी थांबत नव्हते.

वहिनी माझ्याशेजारी येऊन बसली. पेटीकडे बघत म्हणाली, "त्या वेळी मी बोलायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले. "हवं होतं."

मुक्ता दुसऱ्या दिवशी दोन वाजता आली. बूट न काढताच आत गेली, पेटीचं झाकण काढायला लावलं आणि बापाशेजारी बसली. काय बोलत होती ते मी ऐकलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतं. पाऊण तास झाला. बापूकाकांनी दोनदा घसा खाकरला, भटजींनी पंचांग उघडून मिटलं. मी दारात उभी होते, कुणाला आत जाऊ दिलं नाही. मग तिचं ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "चला."

घाटावर भटजींनी विचारलं, मडकं कोण धरणार. मुक्तानं हात पुढे केले आणि त्यांनी काही न बोलता ते तिच्या खांद्यावर दिलं. तेवढ्यात बापूकाका काठी टेकत पुढे आले, पुतण्याचं मनगट धरून, आणि दुसरा हात त्यांनी मडक्याकडे नेला.

मी मुक्ता आणि बापूकाकांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.